मुख्य निवडणूक आयुक्त बदलतात तेव्हा नेमकं काय बघायचं? पहिल्यांदाच समजून घेणाऱ्यांसाठी

"देशाला नवे मुख्य निवडणूक आयुक्त" अशी बातमी आली की तासाभरात फॅमिली ग्रुपवर दोन प्रकारचे फॉरवर्ड फिरायला लागतात, एकात लोकशाही संपलेली असते आणि दुसऱ्यात आता सगळे सरळ होणार असतात, आणि दोन्ही पाठवणाऱ्यांना तो माणूस त्या खुर्चीपर्यंत आला कसा हे विचारलं तर उत्तर येत नाही. हा लेख ज्यांना हे उत्तर हवंय त्यांच्यासाठी, म्हणजे नवे मतदार, स्पर्धा परीक्षेवाले, नुकतेच पत्रकारितेत आलेले, किंवा नुसतेच उत्सुक. माझं मत आधीच सांगून टाकतो: चेहऱ्यावर चर्चा करण्यात फारसं हाती लागत नाही, तारीख आणि निवड समिती या दोन गोष्टी बघितल्या की बरंच काही आधीच कळतं.

पायरी १: आधी बघा आयुक्त कुठला

इथेच निम्मे लोक घसरतात. महाराष्ट्रात बसून बातमी वाचत असाल तर तुमच्यासमोर तीन पदं येतात आणि तिन्हींची नावं एकमेकांसारखी आहेत.

मुख्य निवडणूक आयुक्त म्हणजे भारत निवडणूक आयोगाचे प्रमुख, बसतात दिल्लीत अशोक रोडवरच्या निर्वाचन सदनात. लोकसभा, राज्यसभा, विधानसभा, विधान परिषद, राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुका यांच्याकडे. राज्यघटनेचं कलम ३२४.

मुख्य निवडणूक अधिकारी हे त्याच आयोगाचे राज्यातले प्रतिनिधी, सरकारी सेवेतले अधिकारी. हे बदलले म्हणजे आयोगाचं नेतृत्व बदललं असं नाही.

आणि राज्य निवडणूक आयुक्त हे वेगळंच घर. महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत हे सगळं त्यांच्याकडे, घटनेचं कलम २४३ के, नेमणूक राज्यपाल करतात. दिल्लीच्या आयोगाचा त्यांच्यावर हुकूम चालत नाही. त्यामुळे महापालिकेच्या प्रभाग रचनेवरून दिल्लीतल्या आयुक्तांना शिव्या घालणं म्हणजे पत्ताच चुकला. फक्त एक गोम लक्षात ठेवा, मतदार यादी मुळात दिल्लीच्या आयोगाची असते, राज्य आयोग विधानसभेची तीच यादी घेऊन प्रभागांप्रमाणे फोडतो. म्हणजे महापालिकेला मतदान करायला गेलात आणि मूळ यादीतच नाव नाही, तर नाव घालायचा फॉर्म ६ भारत निवडणूक आयोगाच्याच व्यवस्थेत भरावा लागतो, राज्य आयोग नवीन नाव स्वतःहून टाकत नाही.

इथून पुढे फक्त दिल्लीच्या आयोगाबद्दल.

पायरी २: खुर्च्या किती ते बघा

आयोग स्थापन झाला २५ जानेवारी १९५० ला, म्हणूनच २०११ पासून त्या दिवशी राष्ट्रीय मतदार दिवस असतो. पहिले मुख्य आयुक्त सुकुमार सेन, आणि कितीतरी वर्षं तिथे एकच माणूस असायचा. घटनेत लिहिलंय ते असं की एक मुख्य आयुक्त आणि राष्ट्रपती ठरवतील तेवढे इतर आयुक्त, तर "तेवढे" म्हणजे शून्य असंच चाललं होतं.

१६ ऑक्टोबर १९८९ ला, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, राजीव गांधी सरकारच्या काळात अचानक दोन आयुक्त वाढवले गेले. मग व्ही. पी. सिंग सरकार आलं आणि जानेवारी १९९० च्या पहिल्याच दिवशी ती दोन्ही पदं रद्द. पुढे १ ऑक्टोबर १९९३ ला परत दोन आयुक्त आले, एम. एस. गिल आणि जी. व्ही. जी. कृष्णमूर्ती. त्यावेळी मुख्य आयुक्त होते टी. एन. शेषन आणि त्यांना हे अजिबात पटलं नाही, ते सुप्रीम कोर्टात गेले, १९९५ मध्ये हरले. तेव्हापासून आजपर्यंत आयोग तीन जणांचाच आहे.

हे एवढं सांगण्याचं कारण म्हणजे शक्यतो एकमताने आणि नाहीच जमलं तर बहुमताने निर्णय घ्यायचा असा नियम आहे. मुख्य आयुक्ताला दोन मतं नसतात, दोघे आयुक्त एका बाजूला गेले तर मुख्य आयुक्त हरतो. म्हणून "नवे मुख्य आयुक्त आले" ही बातमी वाचताना बाकी दोन खुर्च्यांवर कोण आहे आणि ते कधी जाणार हेही बघायलाच हवं.

पायरी ३: तारीख स्वतः काढा

ही सगळ्यात सोपी पायरी आहे आणि तरी कुणी करत नाही. नियम असा की सहा वर्षं किंवा वयाची ६५ वर्षं, यातलं जे आधी येईल ते. आयुक्त असलेला माणूस मुख्य आयुक्त झाला तर त्याची दोन्ही पदांची मिळून सहा वर्षं धरतात, नवीन मीटर सुरू होत नाही. आणि २०२३ च्या कायद्याप्रमाणे पुन्हा नेमणूकही नाही.

आता करून बघू. आधीचे मुख्य आयुक्त राजीव कुमार यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९६०. ६५ पूर्ण झाले १८ फेब्रुवारी २०२५ ला, त्याच दिवशी ते गेले. दुसऱ्या दिवशी, १९ फेब्रुवारीला, ज्ञानेश कुमार यांनी सूत्रं घेतली. त्यांचा जन्म २७ जानेवारी १९६४, आयुक्त म्हणून आले मार्च २०२४ मध्ये. सहा वर्षं मोजली तर मार्च २०३० येतो, वय मोजलं तर २६ जानेवारी २०२९. आधी येते ती जानेवारी २०२९, म्हणजे तीच खरी. विवेक जोशी फेब्रुवारी २०२५ मध्ये आयुक्त झाले, जन्म मे १९६६, त्यांच्या बाबतीत उलटं होतं, वय मे २०३१ पर्यंत चालतं पण सहा वर्षं फेब्रुवारी २०३१ लाच भरतात.

बघा, कुठल्याही आतल्या सूत्राशिवाय तुम्हाला काही वर्षं आधीच कळलं की २०२९ ची लोकसभा निवडणूक वेळेवर झाली तर ती ज्ञानेश कुमार घेणार नाहीत, दुसरं कुणीतरी घेईल.

या ६५ च्या अटीचा एक मोठा परिणाम आहे ज्यावर मला वाटतं पुरेसं बोललं जात नाही. निवृत्तीच्या आसपासचे सनदी अधिकारी नेमायचे, मग ते आधी आयुक्त होणार, मुख्य आयुक्त व्हायचा नंबर येईपर्यंत वय ६३-६४, आणि वर्ष-दोन वर्षांत घरी. शेषन १२ डिसेंबर १९९० ते ११ डिसेंबर १९९६ अशी पूर्ण सहा वर्षं मुख्य आयुक्त होते, त्यांच्यानंतर त्या खुर्चीत सहा वर्षं कुणालाच मिळालेली नाहीत. आणि शेषन यांच्या आधी व्ही. एस. रमादेवी होत्या, पहिल्या महिला मुख्य आयुक्त, आजवरच्या एकमेव, पण नोव्हेंबर-डिसेंबर १९९० मध्ये जेमतेम दोन आठवडे. वर्षभरासाठी आलेला माणूस व्यवस्थेत काय बदल करणार, तो आल्या आल्या समोर असलेली निवडणूक पार पाडतो आणि निघतो.

पायरी ४: निवड समितीत कोण बसलंय

इथे जरा थांबा, कारण खरी गोष्ट ही आहे.

घटनेत लिहिलंय की संसदेने केलेल्या कायद्याच्या अधीन राहून राष्ट्रपती नेमणूक करतील. आता संसदेने हा कायदा करायला किती वेळ घेतला? ७० पेक्षा जास्त वर्षं! तोपर्यंत काय, तर पंतप्रधान नाव सुचवणार आणि राष्ट्रपती सही करणार. जून १९४९ मध्ये संविधान सभेत शिब्बन लाल सक्सेना यांनी सांगितलं होतं की नेमणुकीला संसदेच्या दोन तृतीयांश बहुमताची मान्यता असू द्या, आणि डॉ. आंबेडकरांनीही कबूल केलं होतं की पदाला नुसतं संरक्षण देऊन भागत नाही, मुळात सरकारच्या मुठीतला माणूस नेमला जाऊ नये याची काही सोय हवी. त्या चर्चेतून सोय एवढीच झाली की कायदा करायची जबाबदारी संसदेवर टाकली. निवडणूक सुधारणांवरची १९९० ची दिनेश गोस्वामी समिती, २०१५ चा विधी आयोगाचा २५५ वा अहवाल, सगळ्यांनी विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीशांना यात घ्या असं सुचवलं, कुठल्याच पक्षाच्या सरकारने मनावर घेतलं नाही. सत्तेत असताना कुणाला आवडणार म्हणा.

मग आला २ मार्च २०२३ चा सुप्रीम कोर्टाचा अनूप बरनवाल खटल्याचा निकाल. न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं, संसद कायदा करेपर्यंत पंतप्रधान, लोकसभेतले विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश अशी तिघांची समिती नाव सुचवेल. ही सुनावणी चालू असतानाच नोव्हेंबर २०२२ मध्ये अरुण गोयल यांची नेमणूक झाली होती, १८ तारखेला त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि १९ ला ते आयुक्त, आणि कोर्टाने फाइल मागवून विचारलं होतं की एवढी घाई कसली.

निकालाला वर्ष व्हायच्या आत सरकारने कायदा आणला, डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर, २ जानेवारी २०२४ पासून लागू. आता जे चालतं ते या कायद्याप्रमाणे, आणि त्याचे दोन टप्पे आहेत.

पहिला टप्पा शोध समिती. अध्यक्ष केंद्रीय कायदामंत्री, सोबत सचिव दर्जाचे दोन अधिकारी. यांनी पाच नावांचं पॅनेल तयार करायचं. पात्रता म्हणजे माणूस भारत सरकारच्या सचिवाच्या बरोबरीच्या पदावर असलेला किंवा राहिलेला हवा, सचोटीचा हवा आणि निवडणुकांच्या कामाचा अनुभव हवा. थोडक्यात प्राध्यापक, वकील, निवृत्त न्यायाधीश वगैरे मंडळी जवळपास बादच.

दुसरा टप्पा निवड समिती. पंतप्रधान, लोकसभेतले विरोधी पक्षनेते, आणि पंतप्रधानांनी नेमलेला एक केंद्रीय मंत्री. सरन्यायाधीश गेले, त्यांच्या जागी मंत्री आला. आता हे गणित करायला कॅल्क्युलेटर लागत नाही, पंतप्रधान आणि त्यांच्याच मंत्रिमंडळातला मंत्री एका बाजूला, विरोधी पक्षनेते दुसऱ्या बाजूला, दर वेळी २ विरुद्ध १. शिवाय निवड समितीला पॅनेलबाहेरचं नावही घेता येतं, आणि समितीतली एखादी जागा रिकामी होती म्हणून नेमणूक बेकायदा ठरत नाही हेही कायद्यात लिहून ठेवलंय.

काही जण म्हणतात की आधी तर विरोधी पक्षनेत्याला आत घेतच नव्हते, आता निदान आत बसवून ऐकतात तरी, म्हणजे सुधारणाच झाली. मुद्दा अगदीच चूक नाही. पण ऐकतात म्हणजे काय ते बघा. १४ मार्च २०२४ ला दोन आयुक्त निवडायची बैठक झाली, विरोधकांकडून काँग्रेसचे अधीर रंजन चौधरी होते आणि बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की आदल्या रात्री त्यांच्या हातात २१२ नावांची यादी दिली आणि निवडक सहा नावं बैठकीच्या जेमतेम काही मिनिटं आधी दिली. २१२ अधिकाऱ्यांची कारकीर्द एका रात्रीत कोण वाचणार? त्याच दिवशी ज्ञानेश कुमार आणि सुखबीर सिंग संधू यांची नेमणूक जाहीर झाली आणि दोन दिवसांनी, १६ मार्चला, लोकसभा निवडणुकीचा कार्यक्रम. पुढच्या फेब्रुवारीत मुख्य आयुक्त निवडायच्या बैठकीत नरेंद्र मोदी, अमित शाह आणि राहुल गांधी होते, राहुल गांधींचं म्हणणं होतं की या कायद्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय, सुनावणी दोन दिवसांवर आहे तर थांबा, त्यांनी लेखी असहमती दिली आणि त्याच रात्री अधिसूचना निघाली.

तर नवीन नाव आलं की त्याच्या जातीधर्मावर, राज्यावर चर्चा करण्याआधी तीन गोष्टी विचारा. समितीतला तिसरा सदस्य, म्हणजे मंत्री, कोण होता, विरोधी पक्षनेत्याने सही केली का असहमती नोंदवली, आणि नेमलेल्या अधिकाऱ्याने आधी कुठल्या मंत्र्याच्या खात्यात काम केलंय. ज्ञानेश कुमार आधी गृह मंत्रालयात होते आणि मग सहकार मंत्रालयाचे सचिव, दोन्ही खाती अमित शाहांची, आणि समितीतले मंत्रीही तेच. यावरून माणूस चांगला की वाईट हे ठरत नाही, पण प्रश्न कुठून येतात ते कळतं.

पायरी ५: अधिसूचना वाचा, पोस्टर नको

नेमणूक खरी झाली की नाही हे भारताच्या राजपत्रावरून ठरतं, ऑनलाइन फुकट वाचायला मिळतं. कायदा मंत्रालयाच्या विधायी विभागाची अधिसूचना असते, चार-पाच ओळींची, कोण, कुठल्या पदावर, कधीपासून. "कधीपासून" ही ओळ नीट वाचा, कारण सही आज आणि पदभार आधीचा माणूस निवृत्त झाल्यावर असं असतं. फोटोला फुलांची चौकट लावून अभिनंदन करणाऱ्या पोस्टवर जाऊ नका.

पायरी ६: मध्येच कुणी गेलं तर

तारीख आधी काढता येते म्हटलं, पण राजीनाम्याची तारीख कुणालाच काढता येत नाही, आणि तेच सगळ्यात जास्त बोलकं असतं.

ऑगस्ट २०२० मध्ये आयुक्त अशोक लवासा यांनी आशियाई विकास बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला. मुख्य आयुक्तपदाच्या रांगेत ते पुढचे होते. २०१९ च्या निवडणुकीत आचारसंहितेच्या काही तक्रारींवर त्यांनी दोघा सहकाऱ्यांपेक्षा वेगळं मत दिलं होतं. मग ९ मार्च २०२४ ला अरुण गोयल यांनी राजीनामा दिला, तेच गोयल ज्यांची नेमणूक एका दिवसात झाली होती, लोकसभा निवडणूक जाहीर व्हायला आठवडा उरलेला. तिसरे आयुक्त अनूपचंद्र पांडे फेब्रुवारीतच निवृत्त झाले होते, म्हणजे काही दिवस तीन खुर्च्यांवर एकटे राजीव कुमार. गोयल थांबले असते तर ज्येष्ठतेने फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्य आयुक्तपद त्यांच्याकडे जायला हवं होतं. सेवाज्येष्ठ आयुक्ताला मुख्य करायचं ही प्रथा आहे, कायदा नाही, पण आजवर पाळली जाते. म्हणून मधला एक माणूस गेला की पुढची सगळी रांग हलते. असं काही झालं की कागद काढा आणि पायरी ३ चं गणित परत करा.

पायरी ७: काढता येतं का?

मुख्य आयुक्ताला काढायचं तर सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशासारखीच प्रक्रिया, दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं, म्हणजे एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश. "महाभियोग आणणार" असं कुणी म्हणालं तर लोकसभा आणि राज्यसभेतले आकडे बघा, लगेच कळेल ते बोलणं कितपत खरं व्हायचंय.

बाकी दोघांचं संरक्षण मात्र कच्चं आहे, मुख्य आयुक्ताने शिफारस केली तर त्यांना काढता येतं. जानेवारी २००९ मध्ये तेव्हाचे मुख्य आयुक्त एन. गोपालस्वामी यांनी सहकारी नवीन चावला यांना काढायची शिफारस केली होती, सरकारने ती मानली नाही आणि एप्रिलमध्ये गोपालस्वामी निवृत्त झाल्यावर चावलाच मुख्य आयुक्त झाले. आता विचार करा, वरचा साहेब तुमच्याविरुद्ध शिफारस पाठवू शकतो आणि वेगळं मत दिलं तर पुढचं पद जाऊ शकतं, अशात तीन जण समान आहेत हे म्हणणं जरा कागदावरचंच राहतं.

निवृत्तीनंतर राजकारणात जायला बंदी नाही हेही माहीत असू द्या. शेषन १९९७ मध्ये राष्ट्रपतीपदाची निवडणूक लढले आणि १९९९ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर गांधीनगरमधून अडवाणींच्या विरोधात, दोन्हीकडे हरले. गिल तर पुढे केंद्रात क्रीडामंत्री झाले.

पायरी ८: काय बदलतं आणि काय तसंच राहतं

तुमचा बूथ, तुमचा बीएलओ (बूथच्या यादीचं काम बघणारा कर्मचारी), नाव घालणं, वगळणं, दुरुस्त करणं यासाठीचे फॉर्म ६, ७, ८, हेल्पलाइन १९५०, यातलं काही आयुक्त बदलले म्हणून बदलत नाही. जिल्ह्यात निवडणूक चालवणारे जिल्हाधिकारी आणि मतदान केंद्रावरचे शिक्षक, तलाठी हे राज्याचेच कर्मचारी असतात, निवडणुकीपुरते आयोगाच्या हाताखाली येतात.

काही गोष्टींचं श्रेय किंवा दोष एकट्या आयोगाचा नसतो. निवडणूक संचालनाचे नियम केंद्र सरकार आयोगाशी सल्लामसलत करून बनवतं, डिसेंबर २०२४ मध्ये मतदान केंद्रांचं सीसीटीव्ही फुटेज लोकांना देण्यावर मर्यादा आणणारा बदल झाला तो असाच, अधिसूचना कायदा मंत्रालयाची होती.

बदलतं ते जिथे आयोगाला स्वतः ठरवायचं असतं तिथे. किती टप्प्यांत मतदान, कुठला कलेक्टर किंवा पोलीस अधिकारी निवडणुकीआधी हलवायचा, आचारसंहितेची नोटीस उमेदवाराला द्यायची की पक्षाध्यक्षाला, यादीची छाननी कधी आणि किती कडक. २४ जून २०२५ ला बिहारमध्ये मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा आदेश निघाला, तिथे त्याआधी असं २००३ मध्ये झालं होतं, म्हणजे मधल्या सगळ्या आयुक्तांनी न घेतलेला निर्णय ज्ञानेश कुमार, संधू आणि जोशी या तिघांनी घेतला. शेषन यांच्या काळात आचारसंहिताही नवी नव्हती, १९६० मध्ये केरळात सुरू झालेली जुनीच गोष्ट, फरक एवढाच की त्यांनी ती खरंच लावली.

म्हणून नव्या आयुक्तांची पहिली प्रेस कॉन्फरन्स बघू नका असं नाही म्हणत, बघा, पण खरं बघायचं ते पहिल्या सहा महिन्यांतले आयोगाचे आदेश, वेबसाइटवर असतात, आणि एखाद्या मोठ्या नेत्याविरुद्ध तक्रार आल्यावर उत्तर किती दिवसांत आलं ते.

आणि मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आत्ताच एक नोंद टाकून ठेवा, जानेवारी २०२९ चा दुसरा आठवडा. त्या सुमारास निवड समितीची बैठक व्हायला हवी, कारण २६ तारखेला खुर्ची रिकामी होते आणि लोकसभेची धामधूम लगेच मागे असेल. तेव्हा विरोधी पक्षनेत्याला यादी किती दिवस आधी मिळाली हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.